अळणी आषाढ

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गव्हाला एरंडेल चोळणं. बडोद्यात वर्षाचा गहू उन्हाळ्यातच भरतात आणि कीड लागू नये म्हणून तेल चोळून मग कोठीत ओततात. इतकी वर्षं इथे राहून आम्हीही तेच करायला शिकलो. गच्चीवर जुनं लुगडं अंथरलेलं, मध्ये गहू, एका अंगाला ती, एका अंगाला मी. मला मांडी घालता येत नाही म्हणून मी पाय पसरून बसलो होतो.

"गव्हाला गोंजारताय काय? चोळा नीट. पाव्हण्यासारखं काय बसलात!"

"किती जोर लावायचा ते मला कळतं."

"जोर होता तेव्हा सगळा कारखान्याला दिलात," ती म्हणाली.

एवढंच बोलणं झालं. कोठी भरली, झाकण लावलं, हात साबणानं धुतले तरी वास गेला नाही. मग दोनतीन दिवसांनी ती पहाटे उठलीच नाही. डॉक्टर म्हणाला, झोपेत गेल्या, काही त्रास झाला नाही. त्याला काय माहीत? तो काय तिच्या शेजारी झोपला होता? मी झोपलो होतो, आणि मलाही कळलं नाही.

तिचं नाव वत्सला. ती होती तोवर मी तिला नावानं कधी हाक मारली नाही. "अगं" आणि "ऐकतेस का" यावर सगळा संसार झाला. आता हाक मारायला कुणी नाही, म्हणून नाव घेतो.

आता आषाढ लागलाय. बडोद्यातला आषाढ मला पावसावरून कळत नाही, जवाऱ्यांवरून कळतो. भाजीबाजाराच्या तोंडाशी बाया मातीची लहान लहान कुंडं मांडून बसतात, त्यात गव्हाचे हिरवे कोंब तरारलेले. आधी पोरींचं गौरीव्रत येतं, मग मोठ्या मुलींचं आणि नव्या लग्न झालेल्यांचं जयापार्वतीचं. पाच दिवस मीठ वर्ज्य. दूध, फळं, सुका मेवा, जे काही खायचं ते अळणी. सकाळी नटूनथटून, मेंदीच्या हातात जवाऱ्यांचं कुंड घेऊन देवळात जायचं आणि पाचव्या रात्री डोळ्याला डोळा लावायचा नाही. चांगला नवरा मिळावा म्हणून, मिळालेला असला तर तो टिकावा म्हणून. पाच वर्षं ओळीनं करायचं, मध्ये मोडलं तर पुन्हा पहिल्यापासून. त्या जागरणाच्या रात्री अख्खं शहर बाहेर असतं. बागा उघड्या, दुकानं उघडी, पोरी घोळक्यानं हिंडतात, हसतात, जांभया देतात आणि एकमेकींना चिमटे काढतात. आमच्या गोत्री भागातल्या सोसायटीतसुद्धा आता खुर्च्या मांडून, मोठ्यानं गाणी लावून सगळं होतं. खिडकी लावली तरी ऐकू येतं.

दर वर्षी हे जवारे दिसले की वत्सला गप्प व्हायची. दोन दिवस, तीन दिवस. मग एका रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या विचारायची, "अहो, कोकिळाबेन पुन्हा का बसल्या असतील हो व्रताला?"

मी म्हणायचो, "तुला सोबत म्हणून. त्यांनीच सांगितलं नाही का?"

"तसं सांगितलं. पण खरं काय असेल?"

"झोप आता."

चाळीसच्या वर वर्षं हा एकच प्रश्न आणि हे एकच उत्तर. एकदा मी चिडून म्हटलं, खुळी आहेस. ती म्हणाली, असेन. पुढच्या आषाढात पुन्हा विचारलं. या वर्षी विचारायला ती नाही, आणि मला झोप नाही.

तर ती गोष्ट सांगतो.

आम्ही खानदेशातले, तापीच्या काठचे. मी चार यत्ता शिकलो आणि कामाला लागलो. बडोद्यात मकरपुऱ्याला एका कारखान्यात फिटरचं काम मिळालं, तरसालीत खोली घेतली, मग लग्न करून हिला आणलं. गुजरात वेगळं होऊन बरीच वर्षं झाली होती. गावाकडची माणसं म्हणायची, दामू परमुलखात गेला. मला तसं वाटायचं नाही. लोखंड सगळीकडे सारखंच. पण हिला परदेशच होता तो. कुणी दोन शब्द बोललं की ही माझ्याकडे बघायची. दुकानांच्या पाट्या बघून मला विचारलं होतं, "ही अक्षरं अशी बोडकी का? डोक्यावर रेघ नाही कुणाच्याच." तीन महिने झाले तरी नळ आणि पीठगिरणी सोडून ती कुठे गेली नव्हती. दुपारी मी कामावर असताना दाराला आतून कडी लावून बसायची. एकदा लवकर आलो तर डोळे सुजलेले. मी विचारलं नाही. विचारून काय करणार होतो? गावाला नेऊन सोडायला रजा नव्हती.

शेजारच्या खोलीत रमणभाई. माझ्याच कारखान्यात, माझ्याच पाळीला. उंच, सडपातळ, सारखा बडबडणारा. त्याची बायको कोकिळाबेन, वत्सलेपेक्षा थोडी मोठी. ती आमच्या दारात येऊन गुजरातीत बोलायची, ही मराठीत उत्तर द्यायची, आणि दोघी कशाला तरी हसायच्या. कशाला ते दोघींनाही सांगता आलं नसतं. काही अडलं की रमणभाई नाहीतर मी अर्थ सांगायचो.

आषाढातला तो दिवस. वीज बंद म्हणून कारखाना बंद. सकाळीच रमणभाई ओट्यावर उभा राहून ओरडला, "ए पाटील! चालो, गाममां जइए!" शहरात जाऊ म्हणतो.

"कशाला?"

"कशाला काय? फिरायला. तुझ्या बायकोनं बडोदा पाहिलंय का? नळ पाहिलाय फक्त."

मागून कोकिळाबेन आल्या. हातभर मेंदी, नवी साडी, पिशवीत जवाऱ्यांचं कुंड, डोळे ओढलेले. त्यांच्या व्रताचा शेवटचा दिवस होता, आणि व्रताचं पाचवं वर्ष, म्हणजे तेही शेवटचं. म्हणाल्या, "आज आखी रात जागायचंय. घरात बसून भिंतींना काय बघू? वत्सलाबेन, चालो ने!"

मला वाटलं ही नाही म्हणेल. ही म्हणाली, "थांबा, मी काहीतरी करून घेते बरोबर. त्यांना उपास आहे ना."

आमच्याकडे उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी. दुसरं काही डोक्यातच येत नाही. दुसऱ्या दिवशी संकष्टी होती म्हणून घरात साबुदाणा आणलेलाच होता. तिनं तो भिजत घातला, दाणे भाजले, कूट केला. रमणभाई तोवर बाहेर सायकलची घंटी वाजवत बसला होता. शेवटी खिचडी पितळी डब्यात दाबून भरली, वर फडकं बांधलं. निघताना मला हळूच म्हणाली, "त्या रोज मला काहीतरी देतात. आज मला पहिल्यांदा देता येतंय."

दोन सायकली, मागे दोघी. ही सायकलवर आयुष्यात बसली नव्हती. लालबागच्या पुढे येईपर्यंत तिनं माझा सदरा इतका घट्ट धरला होता की गळ्यापाशी काचत होता. रस्ता ओला, आभाळ भरलेलं पण पडत नव्हतं, अंगाला चिकचिक. रमणभाई पुढून ओरडायचा, "वत्सलाबेन, ब्रेक दाबू काय?" आणि ही किंचाळायची. मग केव्हातरी सदऱ्यावरची पकड ढिली झाली. मी मागे वळून पाहिलं नाही, पण मला कळलं की ती आता इकडेतिकडे बघतेय.

कमाटीबागेत हिंडलो. पिंजऱ्यातला सिंह झोपलेला, एक पंजा गजांबाहेर. ही बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "हा पण आपल्यासारखाच परमुलखातला." मी रमणभाईला सांगितलं, त्यानं कोकिळाबेनना सांगितलं, आणि त्या गवतावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. भुकेल्या पोटी माणूस जरा जास्तच हसतो. दुपारभर तिथेच. रमणभाई झाडाखाली तोंडावर रुमाल टाकून घोरत होता आणि कोकिळाबेन त्याच्या नाकात गवताची काडी घालत होत्या. नवऱ्याची अशी चेष्टा बाहेर, चारचौघांत! वत्सला माझ्याकडे बघत होती. तिच्या हातात काडी नव्हती, पण डोळ्यांत होती.

संध्याकाळी मंगळबाजारात बांगड्या. दुकानदारानं हिचा हात धरून बांगड्या चढवल्या, ही लाजून लाल. मांडवीच्या दरवाज्याखालून गेलो तेव्हा दिवे लागले होते, आणि जिकडे बघावं तिकडे पोरी. एवढ्या पोरी रात्रीच्या रस्त्यावर हिनं कधी पाहिल्या नव्हत्या. म्हणाली, "यांच्या घरचे काही बोलत नाहीत?" कोकिळाबेन म्हणाल्या, "आजची रात आमची. वर्षात एक रात तर द्या!" चपला हातात घेऊन चालणाऱ्या पोरी, आंधळी कोशिंबीर खेळणाऱ्या पोरी, एका पायरीवर एकीच्या खांद्यावर एक अशा ओळीनं बसलेल्या. कुणाचा डोळा मिटला की सगळ्या मिळून ओरडायच्या. मोगऱ्याचा, घामाचा आणि केळ्यांच्या सालींचा वास.

मग सुरसागरच्या पाळीवर येऊन बसलो. आता तलावात मोठी मूर्ती आहे, तेव्हा नुसतं पाणी होतं, काळं, त्यात चहूकडच्या दिव्यांची लांबच लांब प्रतिबिंबं. कोकिळाबेनना झोप अनावर झाली होती. रमणभाई चिमटे काढून दमला. तेव्हा त्या म्हणाल्या, "वत्सलाबेन, तुमच्यात नवऱ्याचं नाव घेतात म्हणे, गाण्यात. घ्या ने. मला जागी ठेवा."

"इश्श, इथे?"

"इथे तुम्हाला कोण ओळखतं?"

त्या बोलण्यानं काय झालं कोण जाणे. ही पदर सारखा करून ताठ बसली आणि मोठ्यानं म्हणाली,

"तलावाच्या काठाला दिव्यांचा सडा,
दामोदररावांनी दाखवला बडोदा!"

शेजारच्या पोरींनी टाळ्या पिटल्या. त्यांना काही कळलं नसणार. माझं नाव मी तिच्या तोंडून एरवी ऐकलेलं नव्हतं, लग्नातसुद्धा ती पुटपुटली होती. मी पाण्याकडे बघत बसलो. रमणभाईनं माझ्या पाठीत दणका घातला, "अरे दामोदरराव! तू तर राजा निघाला!"

मग हिनं डबा उघडला. खिचडी थंड होऊन डब्याच्या आकाराचा गोळा झाला होता. तिनं चमच्यानं मोकळी केली, केळीच्या पानाच्या तुकड्यावर पहिली कोकिळाबेनना वाढली. त्यांनी घास तोंडात घातला आणि थांबल्या. तोंड हललं नाही. मला ते दिसलं, पण दिसलं म्हणजे काय, डोळ्यांसमोर होतं एवढंच.

"गार झाली का हो फार?" वत्सलेनं विचारलं.

त्यांनी मान हलवली. घास गिळला. "सरस छे," म्हणाल्या. आणि पान पुढे केलं. हिनं पुन्हा वाढलं. त्या तेही संपवून बोटं चाटत बसल्या. वत्सलेचं तोंड मी पाहिलं. तीन महिन्यांत तिच्या चेहऱ्यावर तसं काही पाहिलं नव्हतं. परमुलखात तिच्या हातचं कुणीतरी मागून खाल्लं होतं.

रात्र संपली. स्टेशनवर चहा प्यायलो, कोकिळाबेननी दूध. उजाडताना जवारे पाण्यात सोडले आणि सायकलींवरून परत आलो तेव्हा दोघी मागे बसल्या बसल्या झोपल्या होत्या. हिचं डोकं माझ्या पाठीला टेकलेलं. मी हळू चालवली. त्या दिवसानंतर हिनं आतून कडी लावणं बंद केलं. बडोदा तिचं झालं ते त्या रात्री.

पुढच्या आषाढात वत्सला स्वतः व्रताला बसली. माझ्यासाठी. मी म्हटलं, हे आपल्यात नाही. ती म्हणाली, आता आपण इथलेच. घरमालकाची म्हातारी सगळं समजावायला आली. मीठ नाही, ती म्हणाली. वत्सला म्हणाली, हो, सैंधव घालते. म्हातारी म्हणाली, सैंधवपण नाही, कसलंच मीठ नाही, एक कण पोटात गेला तरी व्रत मोडलं. मी दारात बिडी ओढत होतो. आतून काहीच आवाज येईना म्हणून डोकावलं. वत्सला भिंतीला टेकून बसली होती. म्हातारी गेल्यावर म्हणाली, "मी मीठ घातलं होतं. आपण नेहमी घालतो तेवढं. त्यांनी मला सांगितलं का नाही?"

आणि त्याच संध्याकाळी कोकिळाबेन जवाऱ्यांचं कुंड घेऊन आल्या. त्यांची पाच वर्षं तर झाली होती. वत्सलेनं विचारलं, तुम्ही पुन्हा? त्या म्हणाल्या, "तुला सोबत म्हणून."

त्या वर्षी दोघी एका चुलीवर अळणी खाऊन राहिल्या. हिवाळ्यात रमणभाईला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे, नखं पिवळी, बडबड बंद. झाडपाला झाला, दवाखाना झाला. एका आठवड्यात गेला. त्याला खांदा देऊन मी परत आलो तेव्हा वत्सला मोरीत बसून होती. रडत नव्हती. म्हणाली, "त्या पुन्हा का बसल्या होत्या?" तेव्हा पहिल्यांदा विचारलं.

मी हे व्रतबित मानत नाही. माणूस काविळीनं मरतो, मिठानं नाही. हे मी तिला किती वेळा सांगितलं असेल! ती ऐकून घ्यायची. पण आमच्या घरात त्यानंतर साबुदाण्याची खिचडी झाली नाही. मला फार आवडते. तिला माहीत होतं. संकष्टीला ती रताळी उकडायची. मी हॉटेलात खाऊन यायचो आणि तिला वास यायचा, पण बोलायची नाही. स्वतःची पाच वर्षं मात्र तिनं नीट पुरी केली. एका कणाची चूक होऊ दिली नाही. तिचं व्रत फळलं म्हणायचं, मी अजून आहे. याच्यासाठी कुणाचे आभार मानू? मला तर भांडायचंय.

कोकिळाबेन तान्ह्या मुलाला घेऊन कारेलीबागेत भावाकडे गेल्या. मुलगा शिकला, तिथेच घर झालं. येणंजाणं राहिलं. वत्सला दर वर्षी लोणचं न्यायची, त्यांच्या सुनेच्या बाळंतपणात जाऊन राहिली, त्यांच्या गुडघ्यांना तेल लावून दिलं. चाळीस वर्षांत हजार वेळा दोघी जवळ बसल्या. विचारायचं धाडस झालं नाही. "तोंडाशी येतं आणि मागे जातं," म्हणायची. "हो म्हणाल्या तर मी काय करू?"

काल जागरण होतं. दुपारी मी चपला घातल्या. सून म्हणाली, "पप्पा, एवढ्या उकाड्यात कुठे?" मी म्हटलं, कारेलीबागेत. ती म्हणाली, छत्री घ्या. रिक्षा केली. विश्वामित्रीच्या पुलावर रिक्षा अडकली, खाली गढूळ पाणी चढलं होतं. मी मनात म्हणत होतो, उत्तर घेऊन कुणाला सांगायचंय रे दामू? पण परत फिरलो नाही. तिचा प्रश्न होता. तो असाच ठेवून मला मरायचं नव्हतं.

कोकिळाबेन हिंचक्यावर होत्या. आता त्यांना दिसत नाही, नुसता उजेड कळतो. मी "कसं काय" म्हटल्यावर आवाजावरून ओळखलं. "आवो भाई." वत्सला गेल्यापासून मी पहिल्यांदाच आलो होतो. त्या रडल्या. मी बसून राहिलो. रडून झाल्यावर मी सरळच विचारलं. मला आडवळणानं येत नाही.

"कोकिळाबेन, त्या वर्षी सुरसागरवर तुम्ही खिचडी खाल्लीत, ती खारट होती?"

त्यांनी पाय टेकवून हिंचका थांबवला. आत नळ वाहत होता. मग त्या मराठीत बोलल्या. मराठी त्यांना वत्सलेनं शिकवलेली.

"पाच दिवस मोळं, अळणी खाऊन माझी जीभ मेली होती, भाई. पहिला घास घातला ने मला कळलं. थुंकायला पाहिजे होतं. नाही थुंकले. पहिल्या घासाचं ठीक. वत्सलाला वाईट वाटेल म्हणून गिळला, असं देवाला सांगितलं असतं. पण दुसऱ्यांदा पान मी पुढे केलं. मला कुणी नाही सांगितलं. मला चव लागली होती. मी मागून खाल्लं."

त्यांनी पायानं हिंचका पुन्हा हलवला.

"पुढच्या वर्षी पहिल्यापासून सुरू केलं. पण एक वर्षच झालं ने, ते गेले." हात त्यांनी मांडीवर उलटा ठेवला. "माझ्या जिभेनं गेले. पोरालासुद्धा नाही सांगितलं. तुम्ही विचारलं म्हणून सांगते."

"रमणभाई काविळीनं गेला," मी म्हटलं.

"कावीळ तर सगळ्यांना होते, भाई. सगळे जात नाहीत."

वत्सलेजवळ मी काविळीचंच बोललो होतो आणि तिथेही कामाला आलं नव्हतं.

मग त्या म्हणाल्या, "वत्सलाला कळलं होतं का, मी लालचीपणानं खाल्लं ते? ती माझ्याशी इतकी चांगली वागायची. मला वाटायचं, हिला कळलंय, म्हणून दया करते."

मी म्हटलं, "मी निघतो. अंधार पडेल." आणि निघालो. पळालोच म्हणा.

रात्रभर सोसायटीत गाणी चालू होती. मी खिडकीशी बसलो. एक बाई चाळीस वर्षं म्हणत होती माझ्या मिठानं गेला, दुसरी म्हणत होती माझ्या जिभेनं गेला. दोघी एकाच गावात, एकमेकींच्या गुडघ्यांना तेल लावत. एकीला उत्तर देण्याची वेळ गेली. दुसरी अजून आहे. तिला वत्सलेचं सांगावं का? सांगितलं तर ती म्हणेल, मी एक शब्द बोलले असते तर वत्सला सुटली असती. म्हणजे आणखी एक ओझं. नाही सांगितलं तर आपलं घेऊन जाईल. मला राग येत होता. वत्सलेचा, कोकिळाबेनचा, रमणभाईचा, तो गेला आणि हे सगळं ठेवून गेला. खाली पोरी फुगड्या घालत होत्या. मी आयुष्यभर तोंडावर बोलणारा माणूस. खरं बोललो म्हणून भाऊ तुटले, एकदा कामही गेलं. खरं बोलून काय होतं ते मी त्या दुपारी पाहिलं होतं: काविळीचं खरं कुणालाच नको होतं.

उजाडलं तेव्हा पोरी जवारे घेऊन निघाल्या, केस विस्कटलेल्या, पेंगत. मी आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि पुन्हा कारेलीबागेत गेलो. कोकिळाबेन नुकत्या उठल्या होत्या.

"भाई? इतक्या सकाळी? शुं थयुं?"

मी उभ्याउभ्याच म्हटलं, "काल सांगायचं राहिलं. त्या खिचडीत मीठ नव्हतं."

त्यांनी हिंचक्याची कडी धरली.

"वत्सलेनं सकाळीच घरमालकाच्या म्हातारीला विचारलं होतं. म्हातारी म्हणाली, मीठ चालत नाही. म्हणून तिनं घातलंच नाही. आमच्या दोघांसाठी पुडीत वेगळं घेतलं होतं. अंधारात तुम्हाला दिसलं नसेल."

"मग मला खारट कशी लागली?"

"पाच दिवस अळणी खाल्लंत. भाजलेला दाणासुद्धा खारट लागला असता."

"वत्सलानं मला कधी नाही सांगितलं."

"तुम्ही कधी विचारलंत?"

त्यांनी मान माझ्याकडे केली. डोळे कुठेतरी माझ्या खांद्यावरून पलीकडे. मग हात पुढे केला, चाचपत, मी माझा दिला. मनगट धरलं. या वयातही त्यांच्या बोटांत जोर होता.

"तुम्ही खोटं बोलत नाही, मला माहीत आहे. वत्सला नेहमी म्हणायची, हे तोंडानं वाईट पण खोटं नाही बोलणार. तरी एक वार सम खा. वत्सलाचे."

तिची शपथ. जिवंत होती तेव्हा तिची शपथ मी कधी घेतली नव्हती, भीती वाटायची. दामोदररावांच्या आयुष्यासाठी तिनं पाच वर्षं मीठ सोडलं आणि मी तिचं नाव घेऊन…

आवाज सारखा ठेवायचा होता. त्यांना दिसत नाही, पण कान तिखट आहेत.

"वत्सलाची शपथ," मी म्हटलं.